कोण कोणाचे: वऱ्हाडातील प्राणी आणि वर्गीकरणाचे शास्त्र

वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्यावर कोळशी आली की पाने, फांद्या आणि फळे काळी ठिक्कर पडतात. हा काळा थर बुरशीचा असतो, म्हणून बुरशीनाशक मारावे असे सहज वाटते. पण तेवढ्याने बाग सुधारत नाही. ही बुरशी पानाच्या आत शिरलेली नसते. पानावर सांडलेल्या गोड, चिकट द्रवावर ती वाढते, आणि तो द्रव टाकणारा जीव पानाच्या खालच्या बाजूला असतो. हा जीव म्हणजे काळी माशी. तिची मादी नवतीच्या पानांवर गोलाकार वळणात अंडी घालते. पिले बाहेर पडली की थोडी सरकतात, सोंड पानात खुपसतात आणि मग तिथून हलत नाहीत. चपटी, काळी, काटेरी, पानाला चिकटलेली ही पिले बघणाऱ्याला प्राणी वाटतच नाहीत. तरीही ती प्राणी आहेत, आणि डोळ्यांत भरणारी काळी बुरशी प्राणी नाही. दोघे सजीवांच्या दोन वेगळ्या सृष्टींतले आहेत. एकाला मारणारे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, कारण दोघांची शरीरे मुळातच वेगळ्या रीतीने घडली आहेत. प्राण्यांच्या वर्गीकरणाला नावांची यादी समजणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा नीट विचार करावा. एखादा जीव कोणत्या गटातला हे ठरले की त्याच्याविषयी जे अजून पाहिलेले नाही त्याचाही अंदाज बांधता येतो: तो काय खाईल, कशाने मरेल, त्याला कोणता रोग होईल, त्याचे नातेवाईक कुठे सापडतील. वर्गीकरण हे असे पडताळून पाहता येणारे भाकीत असते, आणि त्याची पडताळणी वऱ्हाडच्या वावरात आणि जंगलात रोज होत असते, हे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे.

प्राणी कोणाला म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. हालचाल ही खूण धरावी तर काळ्या माशीची पिले, समुद्रातले स्पंज आणि प्रवाळ प्राण्यांतून बाद होतात. आयते अन्न खाणे ही खूण धरावी तर बुरशीही आत येते, कारण तीही स्वतःचे अन्न तयार करत नाही. म्हणून जीवशास्त्र एका खुणेवर थांबत नाही, खुणांचा जुडगा पाहते. प्राणी बहुपेशीय असतात. त्यांच्या पेशींना वनस्पतींसारखी किंवा बुरशीसारखी ताठ भिंत नसते. पेशींना एकत्र धरण्याचे काम बहुतांशी कोलॅजेन नावाचे प्रथिन करते. बहुतेक प्राणी अन्न शरीराच्या आत घेऊन पचवतात; बुरशी आपले पाचक रस बाहेर सोडते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. फलित अंड्यापासून पेशींचा पोकळ गोळा तयार होणे आणि त्यातून पुढे थर वेगळे होत जाणे, ही वाढीची रीतही प्राण्यांची खास आहे. स्नायू आणि मज्जातंतू स्पंजांना नाहीत, पण इतर जवळजवळ सर्व प्राण्यांत आहेत. या खुणा एकमेकींच्या सोबतीने येतात, हे त्यांतले खरे महत्त्व. एक दिसली की बाकीच्या असण्याची शक्यता फार मोठी असते. त्या अशा एकत्र येण्याचे कारण सामायिक पूर्वज हे आहे.

हे कारण कळायला माणसाला फार काळ लागला. आपल्याकडे चरकाच्या परंपरेत जन्मण्याच्या रीतीवरून जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज असे चार भाग केलेले आहेत. ॲरिस्टॉटलनेही रक्त, पिलांना जन्म देण्याची रीत, अवयव असे निकष वापरून प्राण्यांची मांडणी केली होती. कार्ल लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना द्विपद नावे सर्वत्र लावली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा प्रारंभ आजही तिथून धरतात. त्याने मांडलेल्या पायऱ्यांवर पुढे भर पडत गेली आणि सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही आजची उतरंड तयार झाली. लिनियसच्या मनात मात्र सृष्टीचा आराखडा होता, वंशावळ नव्हती. १८५९ साली डार्विनचा ग्रंथ आला, तेव्हा या पायऱ्यांचा अर्थ लागला: एका कुलातले प्राणी सारखे दिसतात कारण ते एका पूर्वजाचे वंशज आहेत. १९५० साली जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग याने नियम काटेकोर केला. जुन्या काळापासून चालत आलेल्या सारखेपणाला वजन द्यायचे नाही. एका शाखेत नव्याने उगवलेल्या आणि तिच्या सर्व वंशजांना मिळालेल्या खुणाच नाते ठरवतील. आज नोंद झालेल्या सुमारे १५ लाख प्राणिजाती तीसहून अधिक संघांत विभागलेल्या आहेत. त्यांपैकी सुमारे १० लाख एकट्या कीटकांच्या आहेत आणि पाठीचा कणा असलेले प्राणी शंभरात पाचच्या आसपास. वाघ, अस्वल आणि हरणे यांच्यावरच प्राणिशास्त्र उभे आहे असे मानणाऱ्याने हे प्रमाण ध्यानात ठेवावे. मेळघाटाला १९७४ पासून व्याघ्र प्रकल्पाचे वलय आहे, पण वर्गीकरणाची सर्वांत कठोर परीक्षा त्याच्या पायथ्याशी, अकोट-दर्यापूरच्या काळ्या मातीतल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, होते.

पऱ्हाटीच्या एका झाडावर मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आणि लाल कोळी हे सगळे एकाच हंगामात भेटू शकतात. सगळे बारीक, सगळे पानातला रस ओढणारे, आणि सगळ्यांमुळे पान पिवळे, लाल किंवा कोकडलेले दिसते. नुकसानीवरून गट पाडला तर ते एका टोपलीत पडतील. पण भिंगाखाली पाहिले की चित्र बदलते. मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी यांना सहा पाय आणि सोंडेसारखे टोचणारे तोंड आहे. ते हेमिप्टेरा गणातले, म्हणजे ढेकणाचे आणि वर सांगितलेल्या काळ्या माशीचे भाऊबंद आहेत. फुलकिडे सहा पायांचेच, पण त्यांचे झालरीचे पंख आणि एकांगी तोंड त्यांना वेगळ्या गणात नेतात. लाल कोळ्याच्या प्रौढाला आठ पाय आहेत, मिशा नाहीत, पंख कधीच येत नाहीत. तो कीटकच नाही. विंचू, गोचीड आणि जाळे विणणारा कोळी ज्या वर्गात येतात त्या अष्टपादांच्या वर्गातला आहे. कीटकांवर हुकमी चालणारी कित्येक औषधे त्याच्यावर कुचकामी ठरतात आणि त्याच्यासाठी कोळीनाशक लागते. पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांच्या वारंवार फवारण्यांनंतर कोळी उलट वाढलेला दिसतो, कारण त्याला खाणारे ढालकिडे आणि भक्षक कोळी मरतात आणि तो स्वतः टिकून राहतो. काही रसायने मात्र दोघांवरही चालतात. त्यात विसंगती नाही. कीटक आणि कोळी हे वेगळ्या वर्गांतले असले तरी संधिपाद या एकाच संघातले आहेत, आणि संघाला सामायिक असलेल्या यंत्रणेवर घाव घालणारे रसायन दोघांनाही लागणार. कोणते औषध किती दूरवर चालेल याचा नकाशा नात्यांच्या नकाशाशी बराच जुळतो.

याहून मोठा दाखला बीटी कपाशीचा. २००२ साली भारतात तिला परवानगी मिळाली. तिच्यात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे जनुक घालून क्राय १ एसी हे प्रथिन झाडातच तयार होईल अशी व्यवस्था केलेली आहे. २००६ पासून आलेल्या वाणांत क्राय २ एबी हे दुसरे प्रथिनही आहे. अळीने पान किंवा बोंड खाल्ले की हे प्रथिन तिच्या अल्कधर्मी आतड्यात मोकळे होते, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहकांना चिकटते आणि आतडे फोडते. असे आतडे आणि असे ग्राहक लेपिडॉप्टेरा गणातल्या, म्हणजे पतंग आणि फुलपाखरांच्या अळ्यांत आहेत. म्हणून हिरवी बोंडअळी मेली, ठिपक्यांची बोंडअळी मेली, आणि मावा, तुडतुडे, पांढरी माशी जशीच्या तशी राहिली. ढालकिडे आणि क्रायसोपा या किडी खाणाऱ्या मित्रकीटकांनाही त्या प्रथिनाने मारले नाही. बीटी लावल्यावरही फवारणी का थांबली नाही, हा प्रश्न वऱ्हाडात अनेकदा रागाने विचारला गेला. त्याचे एक मोठे कारण असे की बियाण्यातले विष एका गणापुरते होते आणि वावरातल्या किडी निरनिराळ्या गणांतल्या होत्या. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर मिळून वीसहून अधिक जण दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि ती सगळी वर्गीकरणाच्या अज्ञानावर ढकलणे अन्यायाचे होईल. पण समोरचा जीव कोण हे न ओळखता औषधावर औषध चढवणे धोक्याचे असते, एवढे त्यातून निश्चित शिकावे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. बीटी प्रथिन पतंगवर्गीय अळ्यांवर चालते हे गणावरून सांगता येत असेल, तर गुलाबी बोंडअळी त्याच गणातली असून तिने त्याच २०१७ साली विदर्भातली पऱ्हाटी कशी बसवली? भाकीत खोटे ठरले नाही काय? उत्तर असे की गणावरून जे सांगता येते तेवढेच गणाकडे मागावे. पुढचे कुल आणि जात सांगते. हिरवी बोंडअळी नॉक्टुइडी कुलातली, गुलाबी गेलेकीइडी कुलातली. दोघींच्या पूर्वजांच्या वाटा फार जुन्या काळी फुटल्या आहेत आणि त्यांचे संसार वेगळे आहेत. हिरवी अळी कपाशीसोबत तूर, हरभरा, टोमॅटो असे कितीतरी खाते. तिचे पुष्कळसे पतंग बीटी नसलेल्या पिकांवर वाढतात, आणि प्रतिकारक्षम पतंगांशी त्यांचे मीलन झाले की प्रतिकाराचे जनुक पातळ होत राहते. गुलाबी अळीचे पोट जवळजवळ कपाशीवरच अवलंबून आहे. ती फुलात शिरून त्याची न उमलणारी डोमकळी करते, मग बोंडात जाऊन सरकीत बसते, आणि बाहेरचे छिद्र बुजून जाते. तिच्या प्रत्येक पिढीची गाठ त्याच प्रथिनाशी पडली. आश्रयासाठी लावायच्या बिगरबीटी ओळी, ज्यांना शेतकरी रेफ्युजी म्हणतात, फारशा लावल्या गेल्या नाहीत. आणि फरदड घेण्याच्या, म्हणजे वेचणी संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून आणखी कापूस घेण्याच्या, प्रथेने तिला हंगामाबाहेरही अन्न मिळाले. प्रतिकार तिच्यातच आधी मुरावा हे तिच्या जीवनक्रमाशी सुसंगत आहे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि इतर संस्था फरदड टाळा, पऱ्हाट्या वेळेवर काढा असे सांगतात, ते याच जातीच्या सवयी ओळखून. तूर, हरभरा अशा अनेक पिकांवर जगणाऱ्या हिरव्या अळीवर पऱ्हाट्या काढण्याचा उपाय तितका चालणार नाही.

वावरातून जंगलाकडे वळले तरी तर्क तोच राहतो. अकोला-अमरावतीच्या शेतांत रोही शिरतात, काटेपूर्णा अभयारण्यात चौसिंगा आहे, मेळघाटात सांबर आणि रानगवा आहेत, माळावर काळवीट दिसते. डोळ्याला चितळ आणि काळवीट जवळचे वाटतात, आणि घोड्यासारख्या उंच खांद्याचा रोही अगदी निराळा. शरीराची तपासणी वेगळे सांगते. चितळ आणि सांबर यांची शिंगे भरीव हाडाची, फाटे फुटलेली, फक्त नरांना येणारी, आणि ठरावीक काळाने गळून नवी येणारी. काळवीट, रोही, चौसिंगा आणि गवा यांची शिंगे आतल्या हाडावर चढलेल्या टणक आवरणाची, बिनफाट्यांची, जन्मभर टिकणारी. इथे कुल बदलते. त्या दुसऱ्या कुलातही दाताच्या, शिंगाच्या आणि आता जनुकांच्या पुराव्यावरून रोह्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक ठरतो तो बकरीएवढा चौसिंगा, आणि हे दोघे काळविटापेक्षा गायीबैलांच्या अधिक जवळचे आहेत. उलट तरस दिसायला कुत्र्यासारखा, पण कवटीतल्या कानाच्या हाडाची ठेवण आणि जनुके त्याला मुंगूस आणि उदमांजर यांच्या बाजूला, मांजरांच्या मोठ्या शाखेत बसवतात. दूर चालत अन्न शोधणाऱ्या दोन वेगळ्या वंशांना सारखे पाय मिळाले, एवढाच त्यांचा सारखेपणा. यातून काय साधते असे कोणी विचारले तर लाळ्या खुरकुताकडे पाहावे. हा रोग गाय, म्हैस, शेळी आणि डुक्कर यांना होतो, चितळ आणि गव्यालाही होऊ शकतो. त्याच गोठ्यातल्या घोड्याला किंवा गाढवाला होत नाही. रेष आकाराप्रमाणे पडलेली नाही, पाळीव आणि रानटी अशीही पडलेली नाही. ती दुभंगलेल्या खुरांच्या गणाच्या सीमेवरून जाते. मेळघाटाच्या कडेच्या गावांत गुरांना लस टोचणे म्हणजे जंगलातल्या गव्याचीही काळजी घेणे, हे वर्गीकरणच सांगते.

दुसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. गुराखी, शेतकरी आणि मेळघाटातले कोरकू शेकडो जीव नावानिशी ओळखतात, त्यांच्या हंगामांची आणि सवयींची त्यांना खडान्‌खडा माहिती असते. मग पुस्तकी उतरंडीची गरज काय? लोकांची ओळख जातीच्या पातळीवर अनेकदा अचूक असते, आणि प्राणिशास्त्रज्ञांनी ती पुष्कळदा वापरली आहे. तिची मर्यादा पुढच्या पायरीवर लागते. लोकांची मोठी खाती उपयोगावर, धोक्यावर किंवा राहण्याच्या जागेवर बेतलेली असतात: खाण्याचे आणि न खाण्याचे, विषारी आणि बिनविषारी, पाण्यातले आणि जमिनीवरचे. त्यांतून व्यवहार चालतो, पण अनोळखी जीव समोर आला की ती खाती पुढचे सांगत नाहीत. संत्र्याच्या फळाला रात्री सोंड खुपसणारा रसशोषक पतंग घ्या. त्याची अळी बागेत नसते. ती कुंपणावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर पाने खाऊन वाढते. रंग, आकार, अन्न आणि जागा सगळे वेगळे असलेले हे दोन जीव एकच आहेत हे नुसत्या निरीक्षणात सहसा एकत्र येत नाही. अंड्यापासून प्रौढापर्यंतचा सगळा जीवनक्रम जातीच्या एका नावाखाली जोडणे हे वर्गीकरणाचे काम आहे, आणि ते झाले म्हणून वेली काढण्याचा उपाय सुचला. सापांबाबतही असेच. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांचे पट्टे पाहून गावोगाव घोटाळा होतो. मण्यारीच्या पाठीच्या मधल्या ओळीतले खवले मोठे आणि षटकोनी असतात, कवड्याचे तसे नसतात. मण्यार आणि नाग एकाच कुलातले, त्यांचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर जाते. घोणस आणि फुरसे दुसऱ्या कुलातले, त्यांचे विष रक्त गोठण्याच्या क्रियेवर आणि ऊतींवर जाते. डॉक्टरला लक्षणांवरून कुलाचा अंदाज येतो. अर्थात दंश झाल्यावर खवले तपासत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. भारतातली प्रतिविषलस या चारही सापांवर चालते.

तिसरा आक्षेप तत्त्वज्ञानाचा. निसर्ग सलग आहे, कप्पे माणसाने पाडले, तेव्हा वर्गीकरण ही आपल्या सोयीची कल्पना आहे, असे म्हटले जाते. वरच्या पायऱ्यांबाबत यात तथ्य आहे. एखाद्या शाखेला कुल म्हणायचे की उपकुल, हे बरेचसे संकेतावर ठरते. खरी असते ती शाखा. पण जातीबाबत हा आक्षेप टिकत नाही, आणि ते पऱ्हाटीतला कामगंध सापळा दाखवून देतो. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध म्हणजे दोन रेणूंचे ठरावीक मिश्रण. ते सापळ्यात लावले की तिचेच नर येतात. शेजारच्या हिरव्या बोंडअळीचे नर त्याकडे ढुंकून पाहत नाहीत, त्यांना वेगळा गंध लावावा लागतो. ही सीमा माणसाने आखलेली नाही. पतंग ती आपली आपण पाळत होते, आपण ती उशिरा वाचली. याच कसोटीने उलटी गोष्टही कळते. बेमिसिया टॅबासाय या पांढऱ्या माशीला १८८९ साली नाव मिळाले आणि दीर्घकाळ ती एक जात समजली गेली. आता तिच्यात तीसहून अधिक जाती दडलेल्या आहेत असे मानतात, कारण दिसायला एकसारख्या असूनही त्यांचे एकमेकींशी मीलन फलत नाही, आणि विषाणू पसरवण्याची तसेच कीटकनाशक सोसण्याची त्यांची ताकदही सारखी नाही. या कसोटीलाही मर्यादा आहे. मावा आपल्या उष्ण हवेत बहुधा नराशिवायच पिलावत राहतो. त्याला मीलनाची कसोटी लावता येत नाही, तिथे शरीररचना आणि जनुके यांवर भिस्त ठेवावी लागते. पण कसोटी काही ठिकाणी अपुरी पडते म्हणून जिची ती कसोटी, ती गोष्टच नाही असे ठरत नाही.

चौथा आक्षेप विद्यार्थ्यांचा आहे: वर्गीकरण सतत बदलते, मग त्यावर विश्वास का ठेवावा? यासाठी रानपिंगळ्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे. ॲलन ह्यूमने १८७३ साली हा पक्षी हेटेरोग्लॉक्स या स्वतंत्र प्रजातीत वर्णिला. गावातल्या ठिपकेवाल्या पिंगळ्याहून त्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, पंख आणि शेपटीवरचे पट्टे ठळक, पाय दाट पांढऱ्या पिसांचे, आणि शिकार बरीचशी दिवसा. पुढे काहींनी त्याला ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या अथीनी या प्रजातीत घातले, काहींनी हाडांच्या ठेवणीवरून पुन्हा वेगळा काढला, आणि भारतीय संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासाने तो अथीनीच्या शाखेतच बसतो असे दाखवले. या सगळ्या फेऱ्यांत बदलले काय? प्रजातीचे नाव. ही एक वेगळी जात आहे हे ह्यूमचे विधान दीडशे वर्षे अबाधित आहे. बदल वरच्या जोडणीत झाला, आणि तोही नवा पुरावा आल्यावर. मोठ्या शाखांतही असे घडले आहे. पूर्वी संधिपादांना गांडुळाचे भाऊबंद समजत, कारण दोघांचे शरीर वळ्यावळ्यांचे. १९९७ साली जनुकीय पुराव्यावरून त्यांना सूत्रकृमींच्या शेजारी बसवले गेले; दोघेही वाढताना कात टाकतात, ही खूणही त्या जोडणीशी जुळते. ज्या मांडणीत चूक दाखवता येते तिलाच शास्त्र म्हणतात. जी कधी बदलत नाही ती पाठांतराची यादी असते.

शेवटचा आक्षेप नव्या काळाचा आहे. आता रक्ताचा थेंब किंवा पायाचा तुकडा यंत्रात घातला की जनुकीय क्रम मिळतो. मग पाय, खवले, शिंगे मोजत बसायचे कशाला? कारण क्रमाला नाव चिकटवायचे तर तुलनेसाठी आधी कोणीतरी नीट ओळखलेला, ठिकाण आणि तारीख लिहिलेला नमुना लागतो. ती नोंद खोटी असेल तर पुढचे सगळे वाकडे जाते, आणि रानपिंगळ्याच्या बाबतीत तेच झाले. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्टझॅगन याने १९१४ साली गुजरातेत आपण तो मिळवल्याचे दाखवले होते. प्रत्यक्षात तो संग्रहालयातून लांबवलेला जुना नमुना होता, चिठ्ठी तेवढी नवी. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, खऱ्या जुन्या नोंदींच्या प्रदेशात शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना व त्यांच्या दोन सहकाऱ्यांना शहाद्याजवळ तो पक्षी जिवंत दिसला. त्यानंतर काही वर्षांतच तो मेळघाटात सापडला, आणि आज मेळघाट हा त्याच्या मुख्य आधारांपैकी एक आहे. ११३ वर्षांचा हा हरवलेपणा चिठ्ठीवरच्या ओळींनी लांबवला आणि चिठ्ठ्या नीट वाचूनच संपवला.

पुढील प्रकरणांत प्राण्यांचे प्रमुख संघ एकेक करून येतील. वाचकाने ते नावे पाठ करण्यासाठी वाचू नयेत. प्रत्येक गटापाशी तीन प्रश्न विचारावेत: या गटाला इतरांपासून वेगळे करणारी नवी खूण कोणती, ती खूण खरोखर सामायिक पूर्वजाकडून आली असे कशावरून, आणि तिच्यावरून न पाहिलेले काय सांगता येते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल तर गट अजून नीट समजलेला नाही असे समजावे. प्राध्यापकांना एक विनंती आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत जगभरचे प्राणी बाटल्यांत असतात, पण आपल्या तालुक्यातल्या पऱ्हाटीवरच्या, तुरीवरच्या आणि संत्र्यावरच्या किडींचा, ठिकाण, तारीख, पीक आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेला संग्रहही प्रत्येक ठिकाणी असायला हवा. वन्य प्राण्यांना १९७२ च्या कायद्याचे संरक्षण आहे, त्यांच्या केवळ नोंदी आणि छायाचित्रे घ्यावीत. शेतातल्या किडी मात्र विद्यार्थ्यांना गोळा करता येतात. एक भिंग, एक टाचणी आणि नीट लिहिलेली एक चिठ्ठी एवढ्यावर हे काम सुरू होते. ते या हंगामापासूनच सुरू करावे.